बिजागऱ्या सैल आहेत

कारखान्यात त्याला सगळे हातोडा म्हणत. नाव उगीच पडलेलं नव्हतं. तिशीत असताना जेवणाच्या सुट्टीत एक मुकादम त्याच्या बहिणीवरून काहीतरी वावगं बोलला, आणि याने हातातला पाना तसाच त्याच्या तोंडावर हाणला. जबडा दोन जागी मोडला. दात फरशीवर पडले. चौघे जण मागून ओढत होते तरी हा मारतच राहिला. एकदा हात सुटला की तो आपला राहत नाही, असं पुढे तो स्वतःच सांगायचा.

तीन वर्षं तुरुंगात गेली. तिथे कैद्यांचे कपडे शिवायला जुनी मशिनं होती, त्यातली निम्मी गंजून जाम झालेली. ती खोलून साफ करायचं काम त्याच्याकडे आलं. सुटला त्या दिवशी बहीण फाटकाशी उभी होती. जेवलास का, असंही तिने विचारलं नाही.

"माझ्या नावाने माणसाचा जबडा फोडलास. मला बरं वाटेल वाटलं तुला? पुन्हा कुणावर हात उगारलास तर तुला बहीण नाही, एवढं लक्षात ठेव."

"नाही उगारणार," तो म्हणाला.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. आता तो निवृत्त झाला होता आणि घराच्या पुढच्या खोलीत लोकांची जुनी शिवणयंत्रं दुरुस्त करत बसायचा. त्या खोलीत पाने, पेचकस, कानशी सगळं होतं, हातोडा मात्र नव्हता. जाम झालेल्या मशीनला रॉकेल पाजायचं, जरा ऊब द्यायची आणि वाट बघायची. समोरच्या शिंप्याला हे बघवत नसे.

"हातोडेराव, घाला की दोन ठोके, सुटेल पटकन."

"ओतीव लोखंड आहे. वाकत नाही, फुटतं."

मशीन दुरुस्त झालं की त्याची पहिली शिवण गोधडीवर घालायची, हा त्याचा छंद. जुन्या सदऱ्यांचे, परकरांचे चौकोन जोडून ती गोधडी त्याने स्वतःच उभी केली होती. त्रेचाळीस मशिनांच्या त्रेचाळीस ओळी तिच्यावर होत्या.

"एवढा आडदांड गडी, आणि गोधड्या शिवत बसतो," शिंपी हसायचा.

"मग काय, तुझं तोंड शिवू?"

त्या दिवसांत खोलीच्या मधोमध पायाने चालवायचं एक जुनं मशीन उभं होतं, दाराकडे पाठ करून. अशा मशीनचं वरचं लोखंडी धूड मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर बसवलेलं असतं. तेल घालायचं असलं की ते मागे कलवायचं. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल असले की कलतं धूड सुटून खाली पडतं, आणि ते बारा किलोंच्या खाली नसतं. म्हणून आल्यागेल्याला तो एकच वाक्य म्हणायचा, "हात लावू नका, बिजागऱ्या सैल आहेत." मांजर आलं तरी म्हणायचा.

एका सकाळी भाची, त्या बहिणीचीच मुलगी, आली. हातात कापडी पिशवी, डावा डोळा सुजून बंद, उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी.

"कशाने?" मामाने विचारलं.

"दाराने."

"दार आपोआप लागलं?"

"नाही."

मामाने हात रॉकेलच्या डब्यात घातले आणि कातडी चुरचुरेपर्यंत सुटे भाग धूत राहिला. दुपारी बहिणीचा फोन आला.

"चार दिवस ठेव, मग पाठव. येईल तिचा नवरा माफी मागायला. आणि तू काही करायचं नाहीस. शब्द दिलायस."

"दिलाय."

आठव्या दिवशी जावई आला. मामा जमिनीवर बसून मशीनचं खालच्या दोऱ्याचं शटल पुसत होता, भाची पलीकडे गोधडीची कड दुमडत होती.

"या जावईबापू, बसा."

"बसायला नाही आलो. चल गं, उचल पिशवी."

भाची उठली. जायचं म्हणून नव्हे, त्या आवाजाला उठायची सवय झालेली म्हणून. मग मध्येच थांबली आणि म्हणाली, "मी नाही येत."

त्याने तिचे केस धरले आणि ओढली. तिने गोधडी सोडली नाही, त्यामुळे ती गोधडीसकट फरफटली. कोपर फरशीवर सोलवटलं. लाथ कमरेत बसली. मामा मध्ये शिरला. पहिली चपराक कानावर बसली आणि चष्मा उडाला. दुसरा ठोसा नाकावर. रक्त मिशीतून ओठांवर आलं. मामाने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून ठेवलं. जावयाने पोटात गुडघा घातला, मामा भिंतीवर आपटला, तरी मनगट सोडलं नाही.

"हाच का तुमचा हातोडा?" जावई धापा टाकत हसला. "अरे, ही तर साधी टाचणीसुद्धा नाही!"

मारून समाधान होईना तेव्हा तो फोडायला काहीतरी शोधू लागला. दोन पावलं मागे सरला, दाराच्या बाजूला आला, आणि मधल्या मशीनची मान त्याने दोन्ही हातांनी पकडली. "या भंगाराच्या जोरावर तिला ठेवून घेतोस काय रे थेरड्या?"

मामाने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलं होतं. मग त्याने तोंड मिटलं.

जावयाने जोर लावून मशीन आपल्याकडे ओढलं. धूड कललं, बिजागऱ्यांतून सुटलं आणि चपलेतल्या पावलावर पडलं. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या दुकानापर्यंत गेला. नंतरची किंकाळी तर पार गल्लीच्या टोकापर्यंत.

शिंप्याने त्याला गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं आणि परत येऊन ज्याला त्याला सांगितलं, "स्वतःच ओढलं, स्वतःच्याच पायावर घेतलं." जावई तिकडे ओरडत होता की म्हाताऱ्याने पाय मोडला, पण त्याचं कुणी ऐकेना.

तिसऱ्या दिवशी भाचीला तिच्या आईचा फोन आला. ती नुसती हं हं करत होती. फोन ठेवला आणि पिशवी भरायला लागली. मामा पडलेल्या मशीनच्या फुटलेल्या चाकाची कड कानशीने घासत होता.

"तीन हाडं मोडलीत," ती म्हणाली. "पाणी द्यायलाही कुणी नाही. आई म्हणते, मी मुकाट्याने गेले असते तर हे झालंच नसतं. खरंच आहे. माझ्यामुळे झालं. जाते मी, मामा. आता उठताच येत नाही त्याला, मारणार कसा?"

"हात धड आहेत ना त्याचे?"

ती पिशवीचे बंद बांधत राहिली. मामाच्या हातातली कानस थांबली.

"तुझ्यामुळे नाही झालं. मी बोललो नाही म्हणून झालं."

"काय बोलला नाहीस?"

"बिजागऱ्या सैल आहेत, असं. मांजरालासुद्धा सांगतो मी."

"मार खात होतास तू. विसरलास."

"विसरलो नाही. तोंड उघडलं होतं. मग मिटलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सुजलेला डोळा आता पुरता उघडत होता.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"बरं वाटलं?"

मामाने विचार केला. खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती.

"हाड मोडल्याचं ऐकलं तेव्हा, हो. तो ओरडला तेव्हाही. मग मी मशीन कुठे फुटलं ते बघितलं. त्याच्याकडे नंतर बघितलं."

"आईला कळलं तर ती..."

"फोन लाव."

"मामा, नको."

"लाव म्हणतो ना. पाय मी मोडलाय. त्याची सेवा तू का करायचीस?"

तिने डाव्या हाताने फोन लावला. मामाने बहिणीला सगळं सांगितलं, दोन वाक्यांत. हात उगारला नाही, असं मात्र तो म्हणाला नाही. पलीकडून फोन बंद झाला. मामाने पुन्हा लावला. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही.

भाची पिशवी घेऊन उभी होती. थोड्या वेळाने तिने ती भिंतीशी ठेवली आणि मशीनजवळ आली. धूड मामाने सकाळीच परत जागेवर बसवलं होतं, चाकाच्या कडेचा तुकडा उडालेला होता तसाच.

"हे स्क्रू कुठे असतात?"

"खालून. उताणं झोपावं लागतं."

तिने पेचकस घेतला आणि मशीनखाली सरकली. सुजलेल्या बोटांत पेचकस नीट धरवेना. मामाने वरून धूड दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"झाला का घट्ट?"

"अजून."

"आता?"

"अजून अर्धा फेरा," मामा म्हणाला.