शाफ्टवरचं झाकण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? हरभऱ्याची मळणी पुन्हा सुरू झाली आहे, आणि यंदा मला मशीनजवळ उभं राहवत नाही, म्हणून.

हळ्ळीखेडात आमचं मळणीयंत्र आहे. ट्रॅक्टरला जोडलं की मधला शाफ्ट गरगर फिरतो. त्यावर झाकण असतं. ग्रीस मारायचं तर दरवेळी ते सोडवा, पुन्हा बसवा — मला कंटाळा यायचा. काढून गोठ्यात टाकलं. ते कशाचं आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कोंबडी त्यात अंडी घालायला लागली. मला मजा वाटायची. मजा!

त्या फाल्गुनात माझी थोरली बहीण, अक्का, चिंताकीहून मदतीला आली होती. तिचा पदर शाफ्टात गेला. मी ट्रॅक्टर बंद करेपर्यंत उजवा हात कोपरापासून गेला होता. डोकंही आपटलं. सगळे तिला घेऊन बीदरला धावले. आणि मी? मी मागं राहिलो — मशीन बघतो म्हणून. गोठ्यातून झाकण आणलं, पिसं झटकली आणि बसवून टाकलं. बहिणीचं रक्त अजून मातीत ओलं होतं, आणि मी नट आवळत होतो.

विचारणाऱ्यांना म्हणालो, झाकण होतंच की. तरी लांब राहा म्हणून मी ओरडत होतो.

अक्काला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. तिनं माझं खरं मानलं. नवरा अजून तिला वेंधळी म्हणतो, ती खाली मान घालून ऐकते. परवा बांधावर बसून माझ्या सुनेला सांगत होती, "लांब ऱ्हा गं माय. तम्मा वरडून सांगायलता, मीच ऐकले न्हाई." तम्मा म्हणजे मी, तिचा धाकटा भाऊ. मग तिनं डाव्या हातानं मला पाण्याचा तांब्या दिला.

मी पाणी प्यालो.

झाकणाचं सांगून झालं. पण त्याहून वाईट ते — ते अजून राहिलंय. मी ओरडलो होतो, एवढं खरं आहे. बाकीचे गंजीपाशी होते, मशीनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. शाफ्टाखाली ओंजळभर हरभरे सांडले होते. ते वाया जायला नकोत म्हणून मी ओरडलो होतो — "अक्का, हिकडं ये, एवढं गोळा कर की."

ती लगेच आली.