मामाची डावी बाजू

उशिरा येणाऱ्यांची अखिल मराठवाडा संघटना निघाली असती, तर आमचा मामा बिनविरोध अध्यक्ष झाला असता आणि हार घालायच्या वेळी नेमका तोच सापडला नसता. स्वतःच्या लग्नाला निघालेला हा नवरदेव वाटेत पाचोडच्या बाजारात मेंढ्यांचे भाव करत बसला होता. घ्यायची एकही नव्हती, पण पिढीजात मेंढपाळ, पाय निघेना. इकडं मांडवात भटजी घसा खाकरून खाकरून दमले. पुढं शहराबाहेर कारखाने उभे राहिले, तसा मामा उस्मानपुऱ्यात खोली घेऊन कामाला लागला. पहिल्या पाळीचा भोंगा वाजून गेला की हा गेटवर पोचायचा आणि वर वॉचमनलाच ऐकवायचा, "उशीर कशाचा? दुसऱ्या पाळीला लई लवकर आलो म्हण की!"

विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत तो पडला तो डब्यामुळं. मशीनवरचा त्याचा जोडीदार मोर्चात पुढं असायचा आणि मामा रोज त्याच्याच डब्यातलं कालवण चापायचा. गावाकडचे भाऊबंद खवळले, "तुला काय करायचंय त्या भानगडीत?" मामा म्हणाला, "ज्याचं खातो त्याच्या मागं चार पावलं चालायला काय झालं?" आणि चालला तोही चार पावलं मागंच. क्रांती चौकात पुढून "नामांतर!" आलं की सगळी गर्दी "झालंच पाहिजे!" म्हणून गरजायची, आणि सगळं शांत झाल्यावर मामाचा एकट्याचा भसाडा आवाज उठायचा, "झालंच पाहिजे!" पोलिसांना इतका सोपा माणूस कधी मिळाला नसेल. एवढ्या गर्दीतून नेमका त्यालाच उचलला. नामांतर झालं तेही वर्षानुवर्षं रखडून. मामा खूश. "बघ भाच्या, उशिरा आलं, पण आलंच ना?"

म्हातारपणी त्याचे पाय सुजायला लागले. जिना चढताना धाप लागायची, झोप म्हणजे पाठीशी उशा लावून बसल्या बसल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय थकलंय आणि त्याच्या दोन बाजू एकदम आवळत नाहीत, डावी मागून येते. मामी फिसकन हसली. "डावीच कशाला डॉक्टरसाहेब, अख्खा माणूसच मागून येतो." उपाय होता पेसमेकर, पण नेहमीचा नव्हे. गळ्याच्या हाडाखाली एक डबी, तिच्यातून हृदयाच्या दोन्ही बाजूंना तारा, म्हणजे दोहोंना एकाच वेळी इशारा. नाही बसवला तर फार दिवस नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मामा अडून बसला. "डावी उशिरा येती तर येऊ द्या. मोर्चात मला कुणी तार लावली होती व्हय?" मी समजावून थकलो. शेवटी मामी तडकली. मघाचं हसू कुठल्या कुठं गेलं, डोळे भरून आले. "मांडवात थांबले, पोलीस चौकीपाशी थांबले, रोज ताट झाकून थांबले. जन्मभर उशिरा या, मी काय म्हणत नाय. पण या तरी!" बऱ्याच वेळानं, आपल्या रीतीप्रमाणं, मामा म्हणाला, "बसवा."

तारांनी हृदय वेळेवर आणलं, माणूस होता तिथंच राहिला. सूज उतरली, स्वारी पुन्हा चालत क्रांती चौकात चहाला जायला लागली आणि तपासणीला मात्र तारखेच्या दुसऱ्या दिवशी उगवायची. डबीवर हात ठेवून भेटेल त्याला सांगायचा, "आत मोर्चा चाललाय. हे यंत्र 'नामांतर' म्हणतं, दोन्ही बाजू एकदम 'झालंच पाहिजे' म्हणतात. माझ्यापेक्षा लई शिस्तीत!" अशी त्यानं चांगली काही वर्षं काढली.

शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या मॉनिटरच्या पडद्यावर बारीक उभ्या रेघा उमटत होत्या, एकीमागून एक, अगदी वेळेवर. डॉक्टर हळूच म्हणाले, "ही नुसती मशीनची हाक आहे, आजी. हृदय आता उत्तर देत नाही." पडदा बंद करायला त्यांनी हात पुढं केला. मामीनं तो धरला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ह्यांचं उत्तर उशिराच येतं."

डॉक्टर थांबले. आम्ही तिघं त्या रेघांकडं बघत बराच वेळ उभे होतो.