काळ्या मोटारीतून आईच्या माहेरी

सत्तरच्या दशकात मी सेलूच्या एका शाळेत शिकवत होते. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, दादा हैदराबादला नोकरीला, त्यामुळे घरात आई आणि मी, दोघीच. ज्वारी निवडता निवडता आई मधेच थांबायची आणि म्हणायची, "गावाकडं आता करडी काढायला आली असंल."

गाव म्हणजे तिचं माहेर, राणीसावरगावच्या अलीकडचं एक लहानसं खेडं. आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी आजोबा गेले. मामा नांदेडला कामाला लागला, घराला कुलूप बसलं. तेव्हापासून आई तिकडं गेली नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "जाऊन बसू कुणाच्या दारात?"

त्या वर्षी शिमग्याच्या आधी दादा दोन दिवसांसाठी आला, तो मित्राची जुनी काळी मोटार घेऊन. सकाळी चहा पिताना आईला म्हणाला, "चल, तुझं गाव बघून येऊ."

आईनं कप खाली ठेवला आणि लुगडं बदलायला उठली.

परभणी मागं पडली. मग दादाच्या खांद्यावर बोट टोचून म्हणाली, "लय जोरात चालवायलास. मला काईच दिसंना."

दादानं वेग कमी केला. बैलगाड्या आमच्या पुढं जातील, इतका. काढणीला आलेली ज्वारी, लाल झालेले पळस, बोअरवर कपडे धुणाऱ्या बाया. आई प्रत्येक गावाचं नाव आधीच सांगायची आणि ते आलं की खिडकीतून डोकं बाहेर काढायची. मोटारीत बसलेली माझी आई मी पहिल्यांदाच बघत होते. गोदावरीच्या पाण्याकडं बघून तिनं हात जोडले नाहीत, नुसती बघत राहिली.

गंगाखेडच्या पुढं रस्त्याला लागून तारांवर वेल चढवलेले दिसले. द्राक्षं! आमच्या भागात तेव्हा द्राक्षं म्हणजे दवाखान्यात आजाऱ्याला नेतात ती. आम्ही थांबलो, तसा मळ्याचा मालक बाहेर आला.

"या की आत, माय," तो आईला म्हणाला. "लोक मला येड्यात काढायलेत. काळ्या रानात द्राक्ष येत न्हाई म्हणतेत. बघा, आली का न्हाई?"

वेलांखाली हिरवी सावली होती. त्यानं एक घड कापून आईच्या ओंजळीत ठेवला. आईनं एकही मणी तोंडात टाकला नाही. पदरात घेतला आणि गाडीत येऊन बसली. गाडी निघाल्यावर म्हणाली, "हातात दिला बघ त्यानं. वरून न्हाई टाकला."

गावाच्या वेशीशी दादा थांबला. आईच्या लहानपणी आमच्या माणसांनी वेशीतून जायचं नाही, नाल्याच्या कडेनं वळसा घालून वस्तीत जायचं, असा रिवाज होता. दादाला ते ठाऊक होतं.

"कुठून घेऊ?"

"मधून घे," आई म्हणाली.

पारावरची माणसं बघत होती. एक म्हातारा काठी टेकत पुढं आला आणि कुणाकडं जायचं म्हणून विचारलं. आईनं आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, मागं राव लावून. म्हातारा तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "त्यांची धाकली का तू?" म्हणाला आणि रस्त्यातून बाजूला झाला.

घराच्या भिंती पडल्या होत्या, आतला लिंब तेवढा वाढला होता. आई तिथं फार वेळ उभी राहिली नाही, कारण शेजारच्या दारातून तिची बालमैत्रीण धावत आली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मग आईनं पदर सोडून घड तिच्यापुढं ठेवला. त्या मावशीनं जन्मात द्राक्ष खाल्लं नव्हतं. "बी न्हाई की गं ह्याच्यात!" म्हणाली आणि हसली. दोघींनी मिळून सगळा घड संपवला. आम्हाला कुणी विचारलंही नाही.

ऊन उतरलं तेव्हा मावशी म्हणाली, "आजच्या दिस ऱ्हा की."

आईनं दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, गाडी परत करायची हाय, पुढच्या खेपेला सोडतो. आई उठली. येताना तिनं बाहेर बघितलं नाही.

दादाच्या पुढच्या खेपेची वाट तिनं बघितली नाही. पंधरवडा गेला असेल. शाळेतून आले तर शेजारणीनं किल्ली हातात दिली. आई एसटीनं गेली होती, एकटी. बारा दिवसांनी परतली, तेव्हा हाताला मातीनं भेगा पडल्या होत्या. मावशीला सोबत घेऊन पडकी भिंत कमरेएवढी उभी करून आली होती.

"आता बरं वाटतंय का?" मी विचारलं.

ती पाय धूत होती. "गेल्यावर ओढ कमी व्हईल वाटलं व्हतं गं," म्हणाली. "वाढलीच."

मावशी होती तोवर आई दरवर्षी जात राहिली. मावशी गेल्याचं कळलं त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, आणि स्वतः न जेवता अंगणात जाऊन दक्षिणेकडं तोंड करून बसली. आता आईही नाही. संध्याकाळी बाहेरून येऊन कुलूप उघडताना मला कधी कधी वाटतं, ती एसटीनं गेली असावी.