अवतरणचिन्हांचा पूर

आमच्या गल्लीत ऐन मे महिन्यात पूर आला, तो माझ्या दोन अवतरणचिन्हांमुळे.

मी नांदेडच्या एका शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते. कॉम्प्युटरच्या सरांची बदली झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "सुट्टीत विष्णुपुरीला दहा दिवसांचं प्रशिक्षण हाय. कोण जातंय?" सगळे एकदम मन लावून वह्या तपासायला लागले. मीही लागले असते, पण पी.टी.चे सर हळूच म्हणाले, "मराठीवाल्यांना नका पाठवू सर. माऊसला मूषक म्हणून येतील."

मी हात वर केला. (माऊसला मूषक मी एकदाच म्हणाले होते, आणि तेही गणपतीच्या दिवसांत.)

"बघा हं मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, "शेवटच्या दिवशी सोता केलेला प्रोग्राम दाखवावा लागतो. न्हाई जमलं तर कॉम्प्युटरचा तास पी.टी.च्या सरांकडं."

आता माघार घेणं म्हणजे उरलेली नोकरी त्या सरांच्या शिट्टीवर काढणं.

प्रशिक्षण देणाऱ्या पूजा मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटरला दिलेली कोणतीही गोष्ट कुठल्या ना कुठल्या प्रकारात बसते. पूर्ण संख्या, दशांश संख्या, शब्द, नाहीतर नुसतं खरं-खोटं. शब्द ओळखायचा कसा, तर तो अवतरणचिन्हांत असतो. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघही मारली. रेघ मारली की मला विषय समजला असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी निर्णय आले. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. मी चाटच पडले. ही तर आमच्या व्याकरणातली संकेतार्थी वाक्यं. बावीस वर्षं मी ती शिकवली, पण 'जर अभ्यास केलास तर पास होशील' हे ऐकून एकाही पोरानं कधी अभ्यास केला नाही. इथं मात्र वाक्य टाइप केलं की यंत्र मुकाट्यानं ऐकत होतं. त्या संध्याकाळी मी सिटी बसमधून घरी आले ती जवळजवळ तरंगतच.

शेवटच्या दिवसासाठी मी घरातलाच प्रश्न निवडला. आमच्या गच्चीवरच्या टाकीत बोअरचं पाणी चढवायची मोटार कधी लावायची, यावरून माझं आणि ह्यांचं रोज वाजायचं. हे नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे मोटार हेच त्यांचं ऑफिस. टाकीला पाण्याची पातळी दाखवणारी नळी होती आणि ह्यांनी तिच्या शेजारी रंगानं शून्यापासून शंभरपर्यंत खुणा केल्या होत्या. मी ठरवलं की खुणेचा आकडा लॅपटॉपवर टाइप करायचा. तो पन्नासपेक्षा कमी असेल तर 'मोटार लावा' असं यावं, नाहीतर 'मोटार बंद करा'.

पहिल्यांदा चालवलं तर पडद्यावर लाल अक्षरांत चूक आली. बऱ्याच वेळानं कळलं की टाइप केलेला आकडा शब्द म्हणून आत जातोय, माझा पन्नास मात्र आकडाच आहे, आणि त्या दोघांची तुलना होत नाही. एवढंच ना? मी पन्नासलाही अवतरणचिन्हं लावून टाकली. मराठीच्या शिक्षिकेला अवतरणचिन्हांची काय भीती?

लाल अक्षरं गेली. वीस टाकलं, मोटार लावा. सत्तर टाकलं, मोटार बंद करा. मी ह्यांना हाक मारली.

"अहो, उद्या रविवारी मी बाजारात जाणार आहे. मोटारीचं हा प्रोग्राम सांगेल तसंच करायचं. आपल्या मनानं काही करायचं नाही."

"आपल्या मनानं?" हे म्हणाले. "तीस वर्षं झाली, सवय न्हाई मला."

रविवारी मी दोन पिशव्या भाजी घेऊन परतले, तर ऑटोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवली. "ताई, इथंच उतरा. फुडं टँकर आलाय वाटतं."

टँकर नव्हता. आमच्या गच्चीवरून पाण्याची धार पडत होती आणि तिच्याखाली घागरी, बादल्या, पिंप, सगळं रांगेत लागलं होतं. एक जण शांतपणे मोटारसायकल धूत होता. मे महिन्यात आमच्याकडे एवढं पाणी बघितलं की माणूस आधी भांडं शोधतो, कारण नंतर. एक आजी मला बघून म्हणाल्या, "लई पुण्याचं काम केलंस बाई," आणि दुसरी घागर लावली.

पुण्याचा हिशेब शेजारच्या महानंदाबाईंना मान्य नव्हता. बाई मूळच्या उदगीरच्या, बोलायला खणखणीत. त्यांची गच्ची आमच्यापेक्षा खाली आणि अगदी लागून. तिथं पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. म्हणजे आता नव्हत्या.

"मास्तरीणबाई," त्या कठड्यावरून म्हणाल्या, "तीन दिस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला, पहाटं उठून कुरडया घातल्या. आता बघा, पुन्हा चीक झाला."

मी पिशव्या टाकून गच्चीवर धावले. हे जिन्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर लॅपटॉप, पाय पाण्यात.

"अहो, मोटार बंद करा."

"हे लावा म्हणून राहिलंय."

"टाकी वाहून चाललीय ना."

"दिसून राहिलंय मला," हे म्हणाले. "सकाळी चाळीस होतं, लावा म्हणलं, लावली. पेपर वाचून आलो तर शंभर. शंभर टाकलं, तर पुन्हा लावा. तीनदा इचारलं. तूच म्हणलीस, मनानं काही करू नका."

त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता. मोटार मीच बंद केली.

दुपारी जेवण न करता मी तिथंच जिन्याच्या सावलीत लॅपटॉपसमोर बसले. साठ, ऐंशी, नव्वद, सगळं बरोबर. शंभर टाकलं की चूक. हे मागं उभे राहून म्हणाले, "नऊ टाकून बघ." नऊ टाकलं तर म्हणे मोटार बंद करा.

"भरली तर लावा, रिकामी झाली तर बंद करा," हे म्हणाले. "ह्याला पाण्यातलं काही कळत न्हाई."

उद्या शेवटचा दिवस. डोळ्यांसमोर पी.टी.चे सर कॉम्प्युटरला उठाबशा काढायला लावताना दिसायला लागले. मी वही उघडली आणि रेघ मारलेलं वाक्य वाचलं. अवतरणचिन्हांत असतो तो शब्द. म्हणजे माझा शंभर शब्द होता, पन्नासही शब्द. आणि शब्दांत आधी कोण, नंतर कोण, हे कसं ठरतं? हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. शब्दकोशात 'अननस' आधी येतो आणि 'घर' नंतर. शब्द केवढा लांब आहे याच्याशी कोशाला देणंघेणं नसतं, पहिलं अक्षर बघायचं. आकड्यांत लिहिलं तर शंभरचं पहिलं अक्षर एक, पन्नासचं पाच. एक आधी, म्हणून शंभर लहान. नवाचं अक्षर नऊ, म्हणून नऊ मोठा. कॉम्प्युटर चुकला नव्हता. मी त्याला हिशेबाला बसवलं होतं आणि तो बिचारा शब्दकोश लावत होता.

पन्नासची अवतरणचिन्हं काढली आणि आत येणाऱ्या आकड्याला 'तू पूर्ण संख्या आहेस' असं बजावणारी सूचना घातली. शंभर टाकलं. मोटार बंद करा. नऊ टाकलं. मोटार लावा. मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की महानंदाबाई कठड्याशी आल्या. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे चूक यंत्राची न्हाई, तुमची." मी हो म्हणाले. "मग पुढल्या ऐतवारी सोऱ्या दाबायला या, दोघंबी."

सोमवारी विष्णुपुरीला कोणी वयाचा प्रोग्राम दाखवला, कोणी गुणपत्रिकेचा. मी आधी चुकलेला प्रोग्राम दाखवला, मग कुरडया सांगितल्या, मग अननस आणि घर, आणि शेवटी दुरुस्त केलेला. हॉल हसून हसून आडवा झाला. पूजा मॅडम म्हणाल्या, "दहा दिवस मी जे सांगत होते ते सगळ्यांना आत्ता कळलं." पहिला नंबर माझा. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर प्रमाणपत्र दिलं आणि पी.टी.च्या सरांना टाळी वाजवावी लागली.

जूनमध्ये माझा कॉम्प्युटरचा पहिला तास झाला. सातवीचा वर्ग, पस्तीस मिनिटं, आणि मी अशी रंगले की जांभई द्यायला कोणाला सवड मिळाली नाही. संख्या, शब्द, जर, तर, नाहीतर, सगळं फळ्यावर. घंटा झाली तेव्हा पोरांनी आपणहून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, कॉम्प्युटर कधी चालू करायचे?"

"पुढच्या तासाला," मी गंभीरपणे म्हणाले. "आधी पाया पक्का हवा."

त्या खोलीतला मेन स्विच कुठं आहे, हे मला शिपायाला विचारून घ्यायचं होतं.