सुमनताईंचे पडदे आणि लोकांच्या खिडक्या

कापडाची चिंधी फेकवत नाही ना, तसे आमच्या दुकानातले किस्सेही फेकवत नाहीत. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत ठेवायचे, आणि बघावं तर डोक्यात ही एवढी रास! कर्जतच्या बाजारात आमचं पडद्यांचं दुकान आहे. मापं घ्यायला आणि गिऱ्हाइकांशी बोलायला मी. रॉड ठोकायला दिनेश. आणि मशीनवर माझ्या मोठ्या नणंद, सुमनताई.

कर्जतपासून खोपोलीपर्यंत कितीतरी खिडक्यांना ताईंनी शिवलेले पडदे आहेत. पण त्यातला एकही त्यांनी लागलेला पाहिलेला नव्हता! एक पाय लहानपणापासून अधू, स्कूटरवर बसवत नाही. आम्ही फिटिंग करून आलो की मशीन थांबवून त्यांचा एकच प्रश्न, "पडला का गं नीट?" पडदा रॉडवरून कुठे न अडकता, न घासता सरळ खाली उतरला, म्हणजे नीट पडला.

मी म्हणायची, "मस्त पडला, ताई!"

"तू काय, मस्तच म्हननार."

फोटो दाखवला तर, "फोटोत काय गं, मी पन बरी दिसते!" आणि चला म्हटलं तर, "रिक्षा जाते का तिथवर? नाय ना? मग नाय येत." पायाचं निमित्त होतं. खरी धास्ती वेगळीच, आपली चूक आपल्याच डोळ्यांना दिसली तर?

यंदा त्यांनी जाहीरच करून टाकलं, "दिवाळी झाली की मशीन बंद. लई शिवलं." म्हणजे आयुष्यभर शिवलेलं नीट पडलं की नाही हे न कळताच ही बाई उठणार! माझ्या जिवाला ते फार लागलं. पण करणार काय?

*

मुंबईचे एक साहेब. डोंगराच्या चढावर फार्महाऊस, हॉलची एक अख्खी भिंत काचेची. समोर डोंगर असा, की हात लांब केला तर लागेल! आणि साहेबांना हवा होता ब्लॅकआऊट पडदा. उजेडाचा टिपूससुद्धा नको.

दिनेशला राहवलं नाही. "साहेब, मग बिनडोंगराचा प्लॉट नसता का चालला?"

"अरे, रविवारी झोपायचं असतं रे!"

वर रिमोटची मोटर. फिटिंग झालं, साहेबांनी बटण दाबलं, आणि पडदा सावकाश वर सरकत गेला. आधी डोंगराचा पाय, मग कडा, मग कड्यावरून उतरणारं पाणी. मी जन्मल्यापासून तोच डोंगर बघतेय हो! रोज त्याच्याच खाली कपडे वाळत घालते. पण तो पडद्याआडून निघाला, आणि मी तोंड उघडं टाकून उभीच राहिले.

साहेब म्हणाले, "कसा आहे?" जणू त्यांनीच बनवलाय!

दुकानात आल्यावर ताईंना सगळं सांगितलं. डोंगराचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. पडला का नीट?"

*

वरच्या वाडीतल्या हिरीबाईंचं सरकारी घरकुल बांधून झालं. रानभाजी विकायला त्या बाजारात येतात. एक दिवस टोपली दाराशी ठेवून आत आल्या. खिडकीचं माप म्हणून गाठ मारलेली दोरी आणली होती. लाल मोठ्ठी फुलं असलेलं कापड निवडलं. निवड एका मिनिटात! फ्लॅटवाल्या बायका तेवढ्यात पर्ससुद्धा खाली ठेवत नाहीत.

दिनेशने आपल्या पद्धतीने पडदा लावला. फुलं खोलीकडे, उलटी बाजू बाहेर. हिरीबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"फिरव त्याला."

"अहो मावशी, चांगली बाजू आतच असते!"

"आत कोन हाय बघाया? आमी सारी दिसभर आंगनात."

दिनेशने मुकाट्याने पडदा फिरवला. आम्ही अंगणात येऊन बसलो. सारवलेली जमीन, कोंबड्या, शेजारणी, आणि समोर खिडकीभर लाल फुलं! घर कसं नटून आमच्याकडेच बघत होतं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण पडदा बाहेरून बघायचा असतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

ताईंना सांगितलं तर त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजी शिलाईची बाजू आत आली? कुनी बघितली तर नाय ना?"

*

खोपोलीच्या शिळफाट्याला हायवेला लागून एक बिल्डिंग आहे. तिथले एक आजोबा, जन्मभर ट्रक चालवलेले. मुलाने कौतुकाने त्यांच्या खोलीला जाडजूड पडदे शिवून घेतले. बाहेरच्या गाड्यांचा उजेड नको, म्हाताऱ्याला शांत झोप लागू दे. मुलगा फार चांगला आहे हो!

चार-आठ दिवसांत आजोबा स्वतः पडदे काखोटीला मारून दुकानात. डोळे लाल.

"पोरी, हे घे, पातळ दे."

"का हो आजोबा? अंधार कमी पडतो?"

"अंधार लई होतो! आधी भिंतीवरनं गाड्यांचा उजेड फिरायचा. आता डोळा लागला की वाटतं, गाडी घाटात बंद पडली. दचकून उठतो!"

आम्ही त्यांना विरविरीत पांढरा पडदा दिला. नंतर मुलगा भेटला. म्हणाला, बाबा आता घोरतात, आणि आम्ही जागे!

ताई हसल्या. पण घरी जाताना त्यांनी विचारलंच, "पातळ कापड हाय ते, अंग धरत नाय. पडला का गं नीट?"

*

आणि या लोधिवलीच्या बाई. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. काही वर्षांपूर्वी दृष्टी गेली. भाचीचा हात धरून दुकानात आल्या, खिडकीला पडदा हवा म्हणाल्या. मी आपली सुरू झाले, "हा बघा मोरपंखी..." आणि जीभ चावली.

"रंगाचं राहू दे," बाई हसून म्हणाल्या. "मला आवाज ऐकवा."

मी एकेक कापड त्यांच्या कानाशी झटकायला लागले. दुकानातल्या बायकाही कान देऊन ऐकायला लागल्या. मागे ताईंचं मशीनही थांबलं.

"हा," एका कापडाला बाई म्हणाल्या. "वारा आला की हा मला सांगेल. शिवणार कोण?"

"मी," ताई म्हणाल्या.

"मग लावायलाही तुम्हीच या. माझ्या घरी तो डोळ्यांनी बघायला कुणी नको का?"

मी रिक्षाच्या प्रश्नाची वाटच बघत होते. ताईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी रिक्षानेच आलेय हो. अगदी दारापर्यंत जाते!"

ताईंनी ते कापड मशीनवर ओढून घेतलं.

पडदा शिवून झाल्यावर रिक्षाने आम्ही तिघं लोधिवलीला पोचलो. दिनेशने पडदा चढवला. मी म्हटलं, "मस्त!" दिनेश म्हणाला, "एक नंबर!" ताई स्टुलावर बसलेल्या, मान खाली. वर बघायलाच तयार नाहीत. बाईंनी खिडकी उघडली. वारा आला, पडदा फुगला आणि खाली बसला.

बाईंनी मान तिरकी केली. "सुमनताई, डावा कोपरा फरशीला घासतोय का हो?"

मी दिनेशकडे बघितलं. दिनेश गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "हो. जरासा."

ताईंनी मान वर केली. खालच्या कोपऱ्यापासून वर रॉडपर्यंत, आणि परत खाली. केवढा वेळ बघत होत्या! आता रडतात, असं वाटलं मला. तर त्या चक्क हसल्या.

"घासतोय! एवढी वरसं इचारते गं मी सगळ्यांना. आज कुनीतरी खरं सांगितलं!"

कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, फरशीवर बसल्या आणि दुमड उसवायला घेतली. बाई चाचपडत त्यांच्या शेजारी खाली येऊन बसल्या. एकजण कापड ताणून धरतेय, दुसरी टाके घालतेय. मी आणि दिनेश देवळात उभं राहावं तसे उभे.

पुन्हा वारा आला. पडदा फुगला, उतरला. फरशीचा आवाज नाही.

"आता पडला," बाई म्हणाल्या.

ताईंनी पडद्यावरून एकदा हात फिरवला.

परतताना रिक्षात चौक गाव मागे पडेपर्यंत त्या बाहेरच बघत होत्या. शेवटी मीच भीतभीत विषय काढला, "ताई, दिवाळीनंतर मशीनचं काय करायचं मग?"

"संध्या," त्या म्हणाल्या, "त्या डोंगरावरच्या सायबाकडं रिक्षा जाते का गं?"