कुणी थांबू नये म्हणून

मंडळी, वाईट काम केल्याबद्दल आज माझं कौतुक झालं.

इथे सिंगापूरला एका गॅलरीत सेम्बावांग भागातल्या जुन्या शिपयार्डवरच्या चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. दाराजवळच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवायचं ॲनिमेशन माझं होतं. वेल्डिंगच्या ठिणग्यांतून हळूहळू उभं राहणारं जहाज. दोन महिने घरी बसून एकेक ठिणगी हाताने काढली होती.

दुपारी लोक आले आणि भिंतीसमोरच थांबले. एक म्हातारे अंकल तर हलेचनात. मला म्हणाले, "मी तिथेच वेल्डर होतो."

तेवढ्यात गॅलरीच्या मॅनेजरबाई आल्या. "वाट अडतेय. कुणी थांबणार नाही असं काहीतरी लाव ना."

मी जहाज काढलं आणि नुसत्या निळ्या लाटा ठेवल्या. पाच मिनिटांचं काम. गर्दी मुकाट्याने आत सरकली. "परफेक्ट लाह," बाई खास इथल्या ढंगात म्हणाल्या.

थोड्या वेळाने अंकल बायकोला हाताला धरून घेऊन आले. भिंतीकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगत राहिले. तिला लाटाच दिसत होत्या.

लॅपटॉप माझ्यासमोर होता. जहाज परत आणायला एक क्लिक पुरला असता. मी केला नाही.

तुम्ही केला असता?