पेद्रूची अर्धी राहिलेली चाल

शाळेत आम्ही तालावर कविता म्हणायचो, तेव्हा मागच्या बाकावरचा पेद्रू तोंडानं पिपाणी वाजवायचा. तो आवाज अजून कानात आहे.

मंडळी, हाच पेद्रू पुढं गोव्याच्या हॉटेलांत जन्मभर सॅक्सोफोनवर जॅझ वाजवत राहिला. गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्यांची गाणी, आणि मनासाठी स्वतःच्या चाली. आज आमच्या गावात, रामनगरात, त्याचा सत्कार होता. "अणशीच्या घाटावर बांधलेली तुझी चाल आपल्या माणसांना एकदा तरी ऐकव," म्हणून मीच त्याला बोलावलं होतं.

त्यानं डोळे मिटून सुरुवात केली. सूर कुठं चढतोय, तोवर बाहेर प्रमुख पाहुण्यांची गाडी थांबली.

"ओ बँडवाले, ते ऱ्हाऊ दे!" अध्यक्ष ओरडले. "स्वागताचं कायतरी वाजवा की!"

पेद्रूनं मुकाट्यानं वरातीचं गाणं वाजवलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

"गड्या, गोव्यात दारुडे तरी शेवटपर्यंत ऐकायचे," एवढंच बोलून तो तिथूनच मडगावच्या बसमध्ये चढला.

तुमच्या गावात तरी आपल्या माणसाचं पुरतं ऐकून घेतात का हो?

हे लिहीत असतानाच दार वाजलं. पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता.

"अज्जा, पेद्रूसर तुमच्याकडंच उतरल्यात न्हवं? मघाशी गाडीतनं ऐकत होतो, त्यांचं अर्धंच ऱ्हायलं की."